सूपभर कोंडा

अय्युबचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. अकोल्याच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, पहिली पाळी सहाला लागे आणि घरापासून जिन काही फार लांब नव्हता. तरी तो चारलाच उठायचा. घाईनं कामाला भिडलेला माणूस दुपारपर्यंत निम्मा होतो, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरं होतं. नळ आला असेल तर पाणी भरायचं, नमाज पढायची, रात्रीची भाकर चहात मोडून खायची आणि सायकल हातात धरून पायी निघायचं. जाताना तो सायकलवर कधी बसला नाही. पाठ चालण्यानंच मोकळी होते. सायकल परत येण्यासाठी होती.

गंजीवरचा कापूस टोपल्यात दाबायचा, डोक्यावर घ्यायचा आणि यंत्राच्या तोंडाशी नेऊन ओतायचा, हे त्याचं काम. कापूस हलका असतो, असं ज्यानं तो वाहिला नाही तोच बोलतो. पहिलं टोपलं हलकं असतं. दुपारनंतरचं टोपलं सरकीसकट मानेत उतरतं. नवे गडी सकाळी पळत आणि जेवणानंतर भिंतीला टेकत. अय्युबची चाल सकाळी जी असे तीच पाळी सुटताना असे. तोंडाला ओला रुमाल, अंगावर बारीक पांढरा धुरळा. साठीला टेकला होता, पण मुकादमानं झाडण्याचं काम देऊ केलं तेव्हा त्यानं ते घेतलं नाही. हलक्या कामाची मजुरीही हलकी.

हे काम त्याचं मूळचं नव्हे. तो अंजनगाव सुर्जीचा, विड्याच्या पानांच्या मळ्यातला माणूस. गावात मोतीराम बारी आणि त्यांची बायको दुर्गाबाई यांचा मळा होता. अय्युबचे अब्बा शेख रुस्तुम त्याच मळ्यात मजुरी करत. अय्युबच्या आधी त्यांची दोन मुलं पाळण्यातच गेली होती. तिसऱ्या वेळेस हा जन्मला तेव्हा अम्माला आनंद झाला नाही, धास्ती बसली. मग म्हाताऱ्या बायांनी सांगितलं तसं केलं. ज्या घरी लेकरं टिकत नाहीत त्या घरचं लेकरू दुसरीला विकायचं, म्हणजे काळाला त्याचा पत्ता लागत नाही. वऱ्हाडात तेव्हा हिंदूच्या घरी फकिरा नावाचं पोर निपजायचं ते असंच, फकिराला विकलेलं, आणि मुसलमानाच्या घरीही उपाय हाच होता. अम्मानं पोर सुपात घालून दुर्गाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवलं. दुर्गाबाईंनी ते उचललं, त्याच सुपात गव्हाचा कोंडा भरला आणि सूप अम्माच्या हाती दिलं. सौदा झाला. दूध अम्माचंच, अंथरूण अम्माचंच, पण तोंडानं म्हणायचं की पोरगं दुर्गाबाईचं. सौदा कधी मोडायचा नाही. मोडला तर पोर पुन्हा पहिल्या नशिबाला जातं.

पंधरा दिवसांनी गावचा कोतवाल जन्म-मरण लिहायला आला. त्यानं अम्माला विचारलं. अम्मा म्हणाली, माझ्या घरी कोणी जन्मलं नाही. कोतवाल गावचाच, त्याला सगळं ठाऊक. तो हसला आणि दुर्गाबाईंकडे गेला. त्यांचा देवमन तेव्हा दोन वर्षांचा होता. त्या म्हणाल्या, "हे दुसरं माहं हाय. लिहा." कोतवालानं क्षणभर पेन धरून ठेवला. नाही म्हणावं तर उद्या लेकराला काही झालं की दोन बाया त्याच्या नावानं बोटं मोडणार. त्यानं लिहिलं: मोतीराम बारी, मुलगा. नाव लिहायची तेव्हा रीतच नव्हती.

ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती आणि हसून सांगितली जायची. अय्युब दुर्गाबाईंना माय म्हणायचा. ताकाची वाटी उशिरा आली की म्हणायचा, "कोंड्यात घेतलं म्हनून कोंडाच चारतं काय वं माय?" त्यावर माय त्याला पळी दाखवत.

मळ्यातलं काम तो आणि देवमन बरोबरीनंच शिकले. पानमळ्यात चप्पल घालून जात नाहीत. पाय धुऊन, अनवाणी जायचं. अंगठ्याला पत्र्याची नखी चढवून पान देठासकट खुडायचं, वेलीला हिसका बसू द्यायचा नाही. सगळ्यात अवघड काम उतरणीचं. वर्षभर वर चढलेली वेल आधारावरून सोडवायची, खाली घ्यायची, तिचं वेटोळं करून मातीत दाबायचं आणि शेंडा तेवढा वर ठेवायचा. दिवसभर कमरेत वाकून राहावं लागतं. एक वेल तुटली तर मोतीराम शिव्या देत. दुर्गाबाई देत नसत. त्या तुटलेली वेल उचलून अय्युबच्या हातात ठेवत, बस्स. शिव्यांपेक्षा ते जड जाई.

पुढं वाईट वर्षं आली. विहिरी खाली गेल्या, वेलींना मर लागली. आजूबाजूच्या गावांतून दर आठवड्याला कोणी ना कोणी औषध प्यायल्याची बातमी येई. मोतीरामांनी वेळेत शहाणपण केलं. मळा मोडला आणि तिथं तूर पेरली. तुरीला बारा महिने गडी लागत नाही. अय्युब बायकोला, जहाँआराला, घेऊन अकोल्याला आला आणि जिनात लागला. मोतीराम गेले, मग माय गेल्या. मायच्या तिरडीला त्यानं खांदा दिला तेव्हा कोणी काही बोललं नाही.

पोरींची लग्नं झाल्यावर जहाँआरानं एकच गोष्ट मागितली. उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला जायचं. अय्युबनं हो म्हटलं आणि हंगामागून हंगाम मजुरीतून बाजूला टाकत गेला. उमऱ्याला नेणाऱ्या एजंटानं पासपोर्ट काढायला सांगितलं, आणि पासपोर्टासाठी जन्माचा दाखला. अय्युब शाळेत गेलेला नव्हता. कचेरीत शोधलं, शेख अय्युब या नावाची नोंद मिळाली नाही. नोंद नाही म्हणून उशिरा दाखला मिळण्यासाठी अर्ज केला, साक्षीदार दिले, पेपरात जाहिरात दिली, हेलपाटे घातले, आणि दाखला मिळाला. कोतवालाच्या वहीची आठवण तेव्हा त्याला झाली नाही. त्याच्या लेखी ती नोंद नव्हती, मायची गंमत होती.

त्याच वर्षी राजकारण तापलं. सभांमधून सांगणं सुरू झालं की सीमेपलीकडचे लोक वऱ्हाडात घुसलेत आणि असेच उशिराचे दाखले काढून इथले झालेत. दुसऱ्या बाजूचे पुढारी म्हणत, गरिबाला छळायचं हे निमित्त आहे. टीव्हीवर रोज चारचौघं एकमेकांच्या अंगावर जात. बाहेरच्यांना रोखायचा कायदा कडक हवा की नको, कोण मूळचा आणि कोण उपरा, रक्त कुणाचं कोणतं. दोन्ही बाजूंच्या एकाही माणसाच्या हाताला घट्टे दिसत नव्हते. शेवटी वरून हुकूम आला आणि उशिरा दिलेले दाखले एका झटक्यात रद्द झाले. ज्यांचे रद्द झाले त्यांची नावं चौकशीसाठी पोलिसांकडे गेली. त्यात अय्युब होता.

जिनात पहिले काही दिवस चेष्टा चालली. इंदूबाई नावाची एक जुनी मजूर होती, तिची जीभ तिखट.

"काहो बांगलादेशी, आज डब्यात मच्छी आनली काय?"

"आनली ना. काटे तुह्यासाठी ठेवले."

सगळे हसले. मग एक दिवस पोलीस जिनात येऊन मुकादमाला विचारून गेले, आणि त्यानंतर कोणी चेष्टा केली नाही. अय्युबला ती चेष्टा बरी वाटत होती, हे त्याला ती थांबल्यावर कळलं. मुकादमानं त्याला काढलं नाही. फक्त कोणी साहेब आले की त्याला गंजीमागं जायला सांगे. त्या वेळेच्या टोपल्यांची मजुरी बुडे.

मग हायकोर्टात कोणाच्या तरी प्रकरणात निकाल लागला. ऐकून न घेता दाखला रद्द करता येणार नाही, पुन्हा सुनावणी घ्या, पण अर्जदारानं जन्माचा जुना पुरावा आणावा. मोहल्ल्यात कोणी मिठाई वाटली. उद्धवराव नावाचे वकील होते, बरा माणूस, फी बेताची घेत. ते म्हणाले, गावातलं काहीही जुनं आणा. तेव्हा अय्युबला कोतवाल आठवला. त्यानं सुपाची गोष्ट सांगितली. उद्धवराव आधी हसले, मग सरळ बसले. म्हणाले, वही असेल तर नक्कल काढू. पण त्यात तुमचं नाव नाही. तो मुलगा म्हणजे तुम्हीच, हे सांगणारा त्या घरातला माणूस लागेल.

अय्युब एसटीनं गावाला गेला. देवमनचे गुडघे गेले होते, तो ओट्यावरच बसलेला असे. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "यात काय इचारतं? मीच येतो. सांगतो का हा आमचा इकतचा हाय म्हनून." त्या रात्री अय्युब देवमनच्या घरी जेवला. परत येताना एसटीत त्याला बऱ्याच महिन्यांनी डुलकी लागली.

पहिल्या सुनावणीला देवमन नव्हता, वकिलांनी फक्त मुदत मागायची होती. अधिकारी वयानं लहान आणि बोलायला सभ्य होता. त्यानं अय्युबला जन्म कुठला, बाप काय करायचा, असं विचारलं. अय्युबनं जसं येतं तसं सांगितलं. मळा, उतरण, मोतीराम, माय. बाहेर आल्यावर व्हरांड्यात दाखल्यांच्या विरोधात तक्रार करणाऱ्यांपैकी दोघं उभे होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, मोठ्यानं नाही, अगदी सहज:

"वऱ्हाडी चांगली उचलतात हे लोक. पाच वर्षांत शिकतात."

अय्युब जिना उतरला. खाली येऊन त्यानं सायकलचं कुलूप काढलं आणि तसाच उभा राहिला. कोणी बाप काढला असता तर त्याला उत्तर होतं. या बोलण्याला उत्तर द्यायचं तर ते वऱ्हाडीतच द्यावं लागणार होतं, आणि तीच तर शिकलेली ठरली होती.

पुढच्या तारखेच्या आधी देवमनचा निरोप आला, येऊन जा. अय्युबनं पाळी सोडली आणि गेला. ओट्यावर देवमनचा मुलगा शुभंकर होता, पुण्याहून आलेला. तो अय्युबला काका म्हणायचा, तसंच म्हणाला, पाया पडला. मग त्यानं सांगितलं. जुन्या मळ्याच्या जमिनीतून रस्ता जातोय. मोबदला मंजूर होतोय आणि वारसांची तपासणी सुरू आहे. अशा वेळी मोतीरामांना दुसरा मुलगा होता असा सरकारी कागद निघाला आणि देवमननं शपथेवर तो मुलगा जिवंत आहे असं सांगितलं, तर पैसे अडकतील. कोर्टात जमा होतील आणि किती वर्षं निघणार नाहीत, सांगता येत नाही. पोरगं खोटं बोलत नव्हतं आणि त्याला लाजही वाटत होती. सांगून झाल्यावर तो चहा सांगायच्या निमित्तानं आत गेला.

देवमननं काठी घेतली. दोघं जुन्या मळ्याकडे गेले. तिथं तुरीचे धांडे उभे होते, वेलीचा मागमूस नव्हता. तरी बांधावर दोघांनीही चपला काढल्या. देवमन काठीच्या टोकानं बांधाची माती टोकरत म्हणाला,

"मले काही नाई पाह्यजे रे अय्युब. पन पोराचं घर या पैशावर हाय."

"समजलं ना भाऊ. काय पाह्यजे ते सांग."

"लिहून दे म्हन्ते तो. का तू मायचा कोनी नाई."

अय्युबनं पायाखालच्या ढेकळाला अंगठ्यानं दाबलं. माती कोरडी होती, दबली नाही, फुटली.

"मंग कोंडा वापस करा लागते, देवमनभाऊ," तो म्हणाला.

त्यानं ते हसण्यासाठी म्हटलं होतं. देवमन हसला नाही. तो डोळे पुसत म्हणाला, "असं नको बोलू. मायनं ऐकलं तर."

अकोल्याला आल्यावर अय्युबनं उद्धवरावांना सगळं सांगितलं. वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचं म्हणणं सोपं होतं आणि त्यात वाट नव्हती. ती नोंद माझी म्हणावं, तर तुम्ही मोतीराम बारींचा मुलगा ठरता. मग शेख रुस्तुमचा अय्युब कोण? शिवाय आधी तुम्हीच अर्जात लिहिलंय की नोंद नाही. आणि मी दुर्गाबाईंचा नाही असं लिहून द्यावं, तर ती नोंद तुमची उरत नाही. मधलं जे खरं आहे, की तुम्ही दोघींचेही होता, त्याला रकाना नाही. इकडे आड, तिकडे विहीर. तरी झगडून बघू, असं ते म्हणाले. नक्कल दाखल करू, देवमनला समन्स काढायला लावू. आला की खरं बोलेल.

अय्युबला माहीत होतं, बोलावलं तर देवमन खरंच बोलेल. म्हणूनच तो म्हणाला, "नका काढू ती नोंद, साहेब. माहं तर अडकलंच हाय. त्याचं काहून अडकवा?"

घरी त्यानं जहाँआराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं ताट खाली ठेवलं.

"और वो सौदा? सौदा तोडते क्या जी? अम्मा बोलती थी, टूटा तो जान पे आता."

"साठ साल हो गए. अब क्या आता."

तिनं ताट पुन्हा मांडीवर घेतलं. पण त्या दिवसापासून तो कामाला निघाला की दारापर्यंत यायला लागली. पूर्वी येत नसे.

दुसरी सुनावणी लवकर आटोपली. अधिकाऱ्यानं विचारलं, जुना पुरावा? वकील म्हणाले, नाही. अधिकारी अय्युबकडे बघत राहिला. त्याला बहुतेक खरं काय ते दिसत होतं. पण दिसणं हा पुरावा नसतो, आणि दाखला पुन्हा दिला तर उद्या त्याचंच नाव सभेत घेतलं गेलं असतं. त्यानं दाखला रद्द ठेवला. अपील करता येईल, असं सांगितलं. पासपोर्ट संपला, उमरा संपला. पोलिसांची चौकशी मात्र चालू राहिली. अकोला सोडताना कळवायचं, बोलावलं की यायचं. टीव्हीवर त्या संध्याकाळी एका बाजूनं रद्द दाखल्यांचा आकडा सांगून विजय म्हटलं, दुसऱ्या बाजूनं तोच आकडा सांगून अन्याय म्हटलं. अय्युब त्या आकड्यात होता, दोन्हीकडे. जहाँआरानं टीव्ही बंद केला.

पुढच्या आठवड्यात तो पोलिसांना कळवून अंजनगावला गेला. स्टॅम्प पेपर त्यानं स्वतः घेतला, देवमनला पैसे काढू दिले नाहीत. शुभंकरनं मजकूर वाचून दाखवला. कै. मोतीराम व कै. दुर्गाबाई यांच्याशी माझे कोणतेही रक्ताचे अथवा दत्तक नाते नाही आणि कधीही नव्हते. देवमन आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. अय्युबला सही येत होती, मायनंच शिकवली होती, राखेत बोट फिरवून. पण त्यानं अंगठा दिला, नखी चढवायचा तोच.

मग तो बाजारात गेला. एका गिरणीवर गव्हाचा कोंडा मिळत होता, म्हशींना घालायला लोक नेत. दुकानदारानं गाडीवर टाकून देतो म्हटलं तर त्यानं नको म्हटलं. त्यानं पोतं पाठीवर घेतलं, मान एका बाजूला केली आणि जिनातल्या चालीनं, मध्ये कुठंही न टेकवता, देवमनच्या उंबऱ्यापर्यंत आणलं. उतरवताना आवाज होऊ दिला नाही.

जहाँआराच्या उमऱ्यासाठी ठेवलेल्या मजुरीतलं बरंच वकिलाच्या फीत आणि एसटीत गेलं होतं. जे उरलं होतं त्यातून एक स्टॅम्प पेपर आला, आणि एक पोतं कोंडा.